आपल्या भजनगुरूंवर गौरवलेख लिहिताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या समुदायांत, चाली कानाने शिकल्या जातात. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात शब्द सापडतात. पण दुसऱ्या कडव्याआधी किती थांबायचं, ध्रुवपद कुठे उचलायचं, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तेच गीत संथ कसं घ्यायचं, हे पेटीवाल्या मास्तरांच्या आणि पुढे बसून गाणाऱ्या मावशींच्या गळ्यात असतं. त्यांच्यावर लेख लिहायचा तो यासाठी. त्यांचा सन्मान तर होतोच, पण लिहिणाऱ्याचाही कान तयार होतो आणि पुढच्या पेटीवाल्याला चाल मिळते. लेख ते हयात असताना लिहावा. माणूस गेल्यावर चुका दुरुस्त करणारं कुणी उरत नाही.

सुरुवात माणसापासून नको, एका गीतापासून करा. त्यांच्या तोंडचं म्हणून मंडळीत ओळखलं जाणारं एकच गीत निवडा आणि भेटीआधी दहा वेळा ऐका. पहिल्यांदा नुसते शब्द ऐका, मग ताल (केरवा की दादरा, आठ मात्रा की सहा), मग श्वास कुठे घेतात ते. पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गातात ते, लिहून ठेवा. तरुणपणी काळी चारमध्ये गाणाऱ्या मावशी आता काळी तीनमध्ये गात असतील, तर तीही लेखात येण्याजोगी गोष्ट आहे. हे केलं नाही की भेटीत प्रश्न सुचत नाहीत आणि मग जन्म, शिक्षण, नोकरी यांतच तास जातो.

भेट दोन बैठकांत घ्या, प्रत्येकी पाऊण तासाची. वयस्कर गळा त्यापुढे थकतो. पहिल्या बैठकीत बोलणं, दुसरीत गाणं. मोबाइल त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवला तर पेटीच्या भात्याचा खडखडाट त्यात उतरतो. छताचा पंखा बंद करा. रेकॉर्डिंग पुढे पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा आणि मूळ फाइल फोनबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवा.

साल विचारलं की बहुतेकांना आठवत नाही, आणि आग्रह केला तर ते अंदाजाने काहीतरी सांगतात. त्यापेक्षा ओळखीच्या घटनेशी जोडून विचारा: कोयनेच्या भूकंपाआधी पेटी शिकलात की नंतर? (तो ११ डिसेंबर १९६७ चा.) आणीबाणीत तुम्ही कुठल्या मंडळीत होता? मग बाप्तिस्मा आणि लग्नाच्या रजिस्टरशी ताडून पाहा. रजिस्टर पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) परवानगीने, त्यांच्यासमोरच पाहायचं आणि इतरांच्या नोंदी टिपायच्या नाहीत.

सीमाभागात एक चूक वारंवार होते. १९४८ साली खानापुरात जन्मलेल्या माणसाबद्दल ‘कर्नाटकात जन्म’ असं लिहिलं जातं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबईकडे होता, मग म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ साली. जुनी कागदपत्रं शोधतानाही हे उपयोगी पडतं. गावाचं नाव बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशा सगळ्या रूपांत शोधावं लागतं.

आता वह्या. जुन्या भजनी मंडळींच्या घरी हाताने लिहिलेल्या गीतांच्या वह्या असतात. काहींत मराठी गीत कन्नड लिपीत उतरवलेलं असतं, कारण लिहिणारा कन्नड शाळेत शिकलेला असतो. ‘अशुद्ध’ म्हणून ते बाजूला सारू नका. उच्चार कसा होता ते त्या लिपीतूनच कळतं. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. कव्हर, कोरी पानं, समासातल्या खुणा, सगळं घ्या. हे काम जूनच्या आत उरकावं. इथल्या पावसात कागदाला बुरशी धरते, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराने जिल्ह्यात घरंच्या घरं पाण्याखाली गेली होती, हे ध्यानात असू द्या. वही घरी नेऊ नका. तिथेच बसून फोटो काढा, तिथेच परत द्या.

श्रेय देताना तीन नावं वेगळी ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, मंडळीत रुजवली कुणी. नारायण वामन टिळकांचं (१८६१–१९१९) गीत असेल तर शब्द त्यांचे; पण तुमच्या मंडळीत म्हणतात ती चाल त्यांचीच असेल असं धरून चालू नका. भाषांतरित गीताला मूळ कवी आणि भाषांतरकार दोघेही हवेत. गीताचा क्रमांक दिलात तर पुस्तकाच्या आवृत्तीचं सालही द्या. तबलावाले, टाळकरी आणि वही धरून पुढची ओळ सांगणारी व्यक्ती हमखास राहून जातात, आणि लेख वाचल्यावर मनं दुखावतात ती याच कारणाने.

परदेशातल्या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) रचणाऱ्यांवर किंवा गाणाऱ्यांवर लिहायचं असेल तर ताडणी आणखी कडक हवी. अमेरिकन गॉस्पेल गीतकार थॉमस ए. डॉर्सी (१८९९–१९९३) यांच्या लेखाला बँडवाल्या टॉमी डॉर्सींचा फोटो लागतो, इतकी नावं जवळची आहेत. थॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवत. १९३२ साली पत्नी आणि नवजात बाळ गेल्यावर त्यांनी रचलेल्या गीताचे शब्द त्यांचे, पण चाल जुन्या भजनाच्या चालीवरून बेतलेली आहे. श्रेयाची विभागणी तिथेही करावीच लागते. अमेरिकन ख्रिस्ती गीतकार फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५) यांनी अनेक टोपणनावांनी लिहिलं, त्यामुळे गीताखाली वेगळं नाव दिसलं तरी चौकशी करा.

लिहायला बसलात की ‘गोड गळ्याची देणगी’, ‘प्रभूचं साधन’, ‘अतुलनीय योगदान’ हे शब्द पहिल्या खर्ड्यातून काढून टाका. खोटे आहेत म्हणून नव्हे; कुणाबद्दलही म्हणता येतात म्हणून. त्यांच्या जागी पाहिलेलं लिहा: ‘दुसऱ्या कडव्यात मंडळी मागे पडली की ते पेटी थांबवत, तळहाताने लाकडावर ठेका धरत, आणि बायकांची बाजू सुरात आली की मग स्वर भरत.’ अशी तीन वाक्यं मिळाली की लेख उभा राहतो. लांबी सातशे-आठशे शब्दांची ठेवा. उपासनेनंतर मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, त्याहून जास्त वेळ माणसं बसत नाहीत. त्यांची बोली मोडू नका. बोलण्यात ‘काय की’ आलं असेल, मध्येच कन्नड शब्द आला असेल, तर तसाच राहू द्या. अर्थ शेजारच्या वाक्यातून कळेल असं वाक्य बांधा.

छापण्याआधी पूर्ण लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्यांनी वाचा म्हणून कागद हातात दिला तर संकोचाने ‘छान आहे’ म्हणतात. ऐकताना मात्र चूक लगेच पकडतात आणि हवी ती जागा गाऊन दाखवतात. तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवा, कारण सगळ्यात मोलाचं बऱ्याचदा इथेच हाती लागतं. मास्तरांनी स्वतः कुणाकडून शिकलं, ते नावही बहुतेक याच वेळी निघतं. घरातलं आजारपण, भांडण, मंडळीतली फूट यांतलं काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या.

वाचनाला कापणीच्या सणानंतरचा किंवा नाताळाआधीचा रविवार बरा, कारण बाहेरगावी गेलेली मुलंही तेव्हा आलेली असतात. आधी लेख, लगेच तेच गीत, आणि पेटी त्यांच्याच हातात. तीन प्रती काढा: एक घरच्यांना, एक मंडळीच्या कपाटात, एक गावातल्या वाचनालयात. मंडळीच्या प्रतीला शेवटी चार कोरी पानं जोडा आणि वाचन संपलं की पेन घेऊन दाराशी थांबा. ‘ती चाल निपाणीहून आली होती’ म्हणणारं कुणीतरी तिथे नक्की भेटेल. त्यांचं नाव आणि तारीख घालून ते त्याच पानावर लिहून घ्या.