सोनेरी घड्याळ: मुलामा की पीव्हीडी हे न पाहता केलेल्या चुका

‘जरा गोल्ड पॉलिश मारून द्या’ म्हणत घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, काउंटरवर ठेवली, की निम्मं नुकसान तिथेच ठरतं. त्या केसवर नेमकं काय चढवलेलं आहे, हे देणाऱ्यानेही पाहिलेलं नसतं आणि घेणाऱ्यानेही.

जुन्या पद्धतीचा मुलामा म्हणजे पितळ किंवा स्टील, त्यावर निकेल आणि त्यावर विजेच्या टाकीत चढवलेलं सोनं. जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. जुन्या स्विस केसवर ‘प्लाके जी 10’ किंवा ‘20 मायक्रॉन’ कोरलेलं सापडतं, रशियन घड्याळांवर ‘एयू 10’, ‘एयू 20’; एयू म्हणजे सोनं, आकडा मायक्रॉनचा. पीव्हीडी म्हणजे फिजिकल व्हेपर डिपॉझिशन, त्याचा मामला निराळा. निर्वात चेंबरमध्ये टायटॅनियम किंवा झिर्कोनियमची वाफ नायट्रोजनबरोबर केसवर बसते आणि नायट्राइडचा पिवळा थर तयार होतो. खरं सोनं असलंच तर त्यावर मायक्रॉनच्या अंशाएवढं, फक्त रंग जुळवण्यापुरतं. टायटॅनियम नायट्राइडचा कडकपणा व्हिकर्स या मापाने 2000 च्या वर, मुलाम्याच्या सोन्याचा साधारण 150 ते 200. एकाला लावलेला उपाय दुसऱ्याला चालणार कसा?

ओळखायला 10 पट भिंग पुरे. लगचं (पट्टा अडकवायच्या शिंगाचं) टोक आणि चावीजवळची कड पाहा. मुलामा झिजलेला असेल तर सोन्याची कड विरत जाते, मग निकेलची पांढरी रेघ लागते आणि आत पितळ दिसतं. पीव्हीडीवर चरा गेला असेल तर त्याची कड धारदार असते आणि आत थेट पांढरं स्टील. लोहचुंबक लावून काही कळत नाही. पितळ आणि घड्याळाचं नेहमीचं 316एल स्टील, दोन्ही त्याला दाद देत नाहीत.

बफ

बफ म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चक्र. सगळ्यात जास्त केसेस इथे मरतात. 10 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. नखाला लागेल असा चरा बहुतेक वेळा त्याहून खोल असतो. म्हणजे चरा घालवायचा तर आजूबाजूचं सगळं सोनं घालवावं लागतं, हे चक्र फिरवण्याआधी कळायला हवं. त्यातून फिरतं कापड सपाट भागावर कमी आणि कडांवर जास्त खातं. त्यामुळे लगची टोकं आधी पांढरी पडतात, मग पितळी. नवशिक्याला वाटतं, आणखी दोन मिनिटं दाबून धरलं की रंग एकसारखा येईल. येतो, पितळाचा!

पीव्हीडीवर बफ लावला तर वरचा सोन्याचा पापुद्रा काही सेकंदांत उडतो. खालचं नायट्राइड हटत नाही, पण रंग बदलतो. बेझलचा (काचेभोवतीच्या कड्याचा) एक भाग लिंबासारखा फिकट आणि बाकीचा गडद दिसायला लागतो. चरा तर खालच्या स्टीलमध्ये असतो, त्यामुळे तो जिथल्या तिथे. तो डाग पुन्हा जुळत नाही. सगळं कोटिंग रसायनाने उतरवायचं, केस पॉलिश करायची आणि पुन्हा चेंबरमध्ये घालायची, एवढा एकच मार्ग उरतो. एका केससाठी कोणी चेंबर चालवत नाही, दुसऱ्या मालाबरोबर नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं.

मुलाम्याच्या केसला आमच्याकडे बफ लागतच नाही. मऊ कापड, डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मुलांचा मऊ टूथब्रश. 20 मायक्रॉनची केस असेल तर रूजच्या (पॉलिशच्या तांबड्या पुडीच्या) कापडाने हाताने चार वेळा पुसणं चालतं. चरे राहिले तर राहू द्या. टूथपेस्ट, लिंबू-सोडा, पितळेची भांडी घासायचा पातळ पॉलिश यांच्या जवळपासही नेऊ नका.

खालचा थर न काढता सोनं चढवणं

एका जुन्या एचएमटीची कहाणी नमुनेदार आहे. केस पितळेची, वर निकेल आणि क्रोम. मालकाला ती सोनेरी हवी होती. पहिल्या मुलामेवाल्याने क्रोम तसंच ठेवून वर सोनं चढवलं. देताना केस झगझगत होती, पण काही आठवड्यांतच लगच्या आतल्या बाजूला फोड आले आणि नखाने पापुद्रा सुटायला लागला. क्रोमवर ऑक्साइडचा अदृश्य थर असतो, सोनं त्याला धरतच नाही. दुसऱ्याने ‘सगळं साफ करतो’ म्हणून बफवर क्रोम आणि निकेल दोन्ही घासून काढले, कडा गोल केल्या आणि उघड्या पितळेवर थेट सोनं दिलं. आता मध्ये निकेल नसल्याने पितळेतलं तांबं सोन्यात शिरलं, आणि पावसाळ्यात घामाने केस तांबूस, मळकट झाली. झीज भरून निघत नाही, कडा गेल्या त्या गेल्याच.

क्रोम काढायला घासायचं कशाला? सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ते विरघळतं, बुडबुडे थांबले की झालं. त्याखालचं निकेल शाबूत राहतं, पण तेही ऑक्साइड धरतं, म्हणून ते पुन्हा जागं करावं लागतं. त्यासाठी, आणि थेट स्टीलवर काम करायचं असलं तरीही, निकेल स्ट्राइकची, म्हणजे पकड देणाऱ्या पहिल्या पातळ थराची, टाकी: एक लिटरला 240 ग्रॅम निकेल क्लोराइड, साधारण 120 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, निकेलचा अ‍ॅनोड (विजेच्या धन टोकाची पट्टी), दोन-तीन मिनिटं. मग पाण्याने धुवा आणि केस वाळू न देता पुढच्या टाकीत घाला. 5 मायक्रॉनच्या आसपास निकेल, मग सोनं. मधे फोन उचलायला गेलात आणि केस हवेत वाळली, तर स्ट्राइक पुन्हा करा. हा टप्पा गाळणारे ‘वेळ वाचवतात’ आणि तेच काम दोनदा करतात. मालकाला निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर मधला थर पॅलेडियमचा घ्यावा. आणि सोन्याच्या टाकीत सायनाइड असतं, तेव्हा हे घरी करण्याचे उद्योग सोडा.

बाकीच्या चुका

‘20 मायक्रॉन पीव्हीडी’ असं कोणी विकत असेल तर पुढे चालू लागा. पीव्हीडी सहसा 1 ते 3 मायक्रॉनच असतो.

मुलाम्याचा हिशेब वजनावर करा. केसचं क्षेत्रफळ 20 चौरस सेंमी धरलं तर 10 मायक्रॉनला सुमारे 0.39 ग्रॅम शुद्ध सोनं लागतं. 0.2 मायक्रॉनच्या ‘पाण्याला’, म्हणजे नुसत्या रंगापुरत्या थराला, 8 मिलिग्रॅम. निकेल झाल्यावर वजन, सोनं झाल्यावर पुन्हा वजन. मुलामेवाला वजन करायला नाराज असेल तर कारण उघड आहे.

केस आणि चेन वेगवेगळ्या दिवशी देऊ नका. 2एन, 3एन, 5एन अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सोन्याच्या छटांमध्ये फरक असतोच, शिवाय त्याच छटेच्या दोन लॉटमध्येही पडतो. आपल्याकडे डोळ्यांना 22 कॅरेटचा पिवळा सवयीचा, त्यामुळे 2एन आला की ‘फिकं पडलं’ अशी तक्रार येते. आधी नमुना दाखवा.

पितळेच्या केसला थेट पीव्हीडी करायला लावू नका. निर्वातात पितळेतल्या जस्ताची वाफ होते आणि थर उखडतो. आधी निकेल-क्रोमने ती बंद करावी लागते.

पेन-प्लेटिंगने (पेनासारख्या टोकाने जागेवरच मुलामा देऊन) पीव्हीडीचा चरा भरणं: धरत नाही आणि ठिगळ दिसतं.

मागच्या झाकणाच्या आट्यांवर सोनं बसू देऊ नका, लाखेने झाका. 60 अंशांच्या आट्यांवर 10 मायक्रॉनचा थर बसला की पिच व्यास (आट्यांचा मधला व्यास) 40 मायक्रॉनने बदलतो आणि झाकण अडकतं. मग पाना सटकतो आणि नव्या सोन्यावर पहिला चरा तिथेच येतो.

घड्याळ आख्खं बुडवायला देणारेही भेटतात. मशीन, काच, गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी), चावी आणि पट्ट्याच्या स्प्रिंग पिना, सगळं आधी काढा. चावीच्या नळीत आणि पुशरच्या (बाजूच्या बटणांच्या) भोकांत टाकीतलं पाणी अडकतं. ते नंतर पाझरून मशीनच्या स्टीलला गंज आणतं आणि दोष मात्र गॅस्केटवर जातो. मुलामा झाल्यावर केस गरम डिस्टिल्ड पाण्यात दोनदा बुडवा, नळीत सुईने पाणी मारा, गरम हवेने वाळवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नळीच्या तोंडाशी पांढरे क्षार दिसले तर पुन्हा धुवा, नाही दिसले तरच मशीन बसवा.