जुना मराठी ब्लॉग उतरवून कसा ठेवावा

2006 ते 2012 च्या सुमारास ज्यांनी ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेसवर मराठीत भरभरून लिहिलं, त्यांतल्या कित्येकांचे ब्लॉग अजून जिथल्या तिथे आहेत. शेवटची नोंद दहा-बारा वर्षांपूर्वीची, तिच्याखाली 'पुढचा भाग लवकर टाका' अशी कुणाची तरी प्रतिक्रिया, आणि लिहिणारा कधीच फेसबुकवर निघून गेलेला. ब्लॉग उघडतोय ना, मग काय काळजी, असं वाटतं. पण याहूची फुकट संकेतस्थळांची सेवा जिओसिटीज ऑक्टोबर 2009 मध्ये बंद झाली, पोस्टरस ही ब्लॉगसेवा एप्रिल 2013 मध्ये, ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये. अशा वेळी आगाऊ सूचना येते खरी, पण ती जाते आपण वर्षानुवर्षं न उघडलेल्या ईमेलवर.

ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग जिच्यावर चालतात ती ब्लॉगर ही सेवा 1999 पासून आहे, 2003 पासून गूगलकडे आहे आणि अजून चालू आहे. तिच्यापेक्षा जवळचा धोका आपल्या खात्याचा आहे. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खाते त्यातल्या मजकुरासह काढून टाकता येईल, असा नियम गूगलने 2023 मध्ये जाहीर केला आणि त्या डिसेंबरपासून तो लागूही झाला. म्हणून सुरुवात ब्लॉगपासून नको, खात्यापासून करू.

खात्यात शिरा

अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जातो, याची तयारी ठेवा. ब्लॉग कुठल्या पत्त्यावरून उघडला होता हेच मुळात आठवत नाही. तेव्हा गूगलचं खातं रेडिफमेल किंवा याहूच्या पत्त्यावरही काढता येत असे, त्यामुळे सगळे जीमेल तपासून झाले तरी हार मानू नका. जुने पत्ते कागदावर लिहा आणि एकेक करून ब्लॉगरच्या प्रवेशपानावर घालून बघा. पासवर्ड विसरला असाल तर खातं परत मिळवण्याचा प्रयत्न नेहमीच्या घरच्या संगणकावरून आणि नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा गूगल जमेस धरतं. नव्या फोनवरून, प्रवासात, हॉटेलच्या वायफायवर हा उद्योग करू नये.

आत शिरलात की लगेच दोन कामं उरका. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आजचे घाला. मग ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या भागात जाऊन घरातल्या कुणाला तरी, किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्याला, लेखक म्हणून बोलवा आणि निमंत्रण स्वीकारलं गेलं की त्याला ॲडमिन करा. एका किल्लीवर घर ठेवू नये.

मजकूर उतरवा

ब्लॉगरमध्ये सेटिंग्ज, त्यात 'मॅनेज ब्लॉग', त्यात 'बॅक अप कंटेंट'. इथून थेट फाइल मिळते किंवा गूगल टेकआउटच्या, म्हणजे गूगलकडचा आपला सगळा मजकूर उतरवून घेण्याच्या, पानावर नेलं जातं. टेकआउटवर गेलात तर यादीतल्या सगळ्या खुणा काढून फक्त ब्लॉगर निवडा, नाहीतर अख्ख्या जीमेलचा डोंगर उतरायला लागेल. फाइलमध्ये नोंदी, स्वतंत्र पानं आणि प्रतिक्रिया येतात, तारखांसकट. वर्डप्रेस डॉट कॉमवर 'टूल्स'मध्ये 'एक्स्पोर्ट' आहे. तिथे सगळा मजकूर निवडा, आणि मीडिया लायब्ररी वेगळी उतरवायला विसरू नका.

प्रतिक्रिया नकोत, फक्त आपलं लेखन पुरे, असं म्हणणारे भेटतात. माझा त्यांना विरोध आहे. त्या काळच्या ब्लॉगांची अर्धी गंमत लेखाखालच्या गप्पांत होती. एकाने दुसऱ्याला 'खो' द्यायचा, दुसऱ्याने आपल्या ब्लॉगवर तो पुढे न्यायचा. पाककृतीखाली कुणीतरी 'आमच्याकडे यात गूळ घालतात' म्हणून सांगायचं आणि मूळ लेखापेक्षा तोच वाद रंगायचा. लेखाला संदर्भ मिळतो तो तिथे. ज्यांनी प्रतिक्रियांसाठी गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कची जोडणी केली होती, त्यांच्या त्या प्रतिक्रिया 2019 मध्ये गूगल प्लसबरोबरच गेल्या. उरल्यात त्या तरी घ्या.

ब्लॉगाच्या कडेच्या पट्टीत असलेली 'मी वाचतो ते ब्लॉग' ही यादी मजकुराच्या फाइलमध्ये नसते. ती हवी असेल, आणि माझ्या मते ती हवीच, तर मुखपृष्ठ उघडून ब्राउझरमधून अख्खं पान सेव्ह करा. तुम्ही तेव्हा कुणाच्या संगतीत लिहीत होता, हे त्या यादीइतकं दुसऱ्या कशातून कळणार नाही.

चित्रं वेगळी घ्या

मजकुराच्या फाइलमध्ये चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. उद्या गूगलच्या यंत्रावरून चित्र गेलं की तुमच्या फाइलमध्ये नुसती रिकामी चौकट उरेल.

नोंदीतल्या चित्रावर राइट क्लिक करून सेव्ह केलं तर बहुधा लहान आकाराची प्रत मिळते. चित्र नव्या टॅबमध्ये उघडा आणि त्याचा पत्ता नीट बघा. त्यात दोन तिरप्या रेघांच्या मध्ये इंग्रजी एस आणि एक आकडा दिसेल: एस320, एस400, एस640 असं काहीतरी. तो चित्राचा आकार. त्या आकड्याच्या जागी शून्य टाकून एंटर दाबा. तुम्ही चढवलेल्या मूळ मापाचं चित्र समोर येतं, ते सेव्ह करा. 2008 साली दोन मेगापिक्सेलच्या फोनवर काढलेल्या फोटोत मुळातच फार जीव नसतो, त्यात पुन्हा टिकलीएवढी प्रत कशाला ठेवायची?

चित्रं ब्लॉगरवर न चढवता दुसरीकडून जोडली असतील तर निराशेची तयारी ठेवा. टायनीपिक 2019 मध्ये बंद झालं. फोटोबकेटने 2017 मध्ये फुकट खात्यांवरची चित्रं बाहेरच्या पानांवर दाखवणं थांबवलं. गाणी आणि अभिवाचनं ईस्निप्सवर ठेवण्याची आपल्याकडे टूम होती, तेही गेलं. अशा ठिकाणी मूळ फाइल जुन्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर सापडली तरच.

वेबॅक मशीनमध्ये बघा, आणि भर घाला

खातं काही केल्या उघडलंच नाही, किंवा ब्लॉग पुसला गेला असेल, तर इंटरनेट अर्काइव्हकडे वळा. ब्रूस्टर काल यांनी 1996 मध्ये सुरू केलेली ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था आहे. तिची वेबॅक मशीन ही सोय 2001 पासून सगळ्यांना खुली आहे. वेब डॉट अर्काइव्ह डॉट ऑर्गवर जाऊन ब्लॉगाचा पत्ता घातला की वर्षांची पट्टी आणि कॅलेंडर दिसतं. गोल खुणा असलेल्या तारखांना त्या पानाची प्रत घेतलेली असते. त्यातली सर्वांत अलीकडची तारीखच चांगली असेल असं नाही. ब्लॉग जोरात चालू होता त्या वर्षीची उघडा, तिच्यात चित्रं आणि प्रतिक्रिया सापडण्याची शक्यता जास्त.

भारतातल्या ब्लॉगांची इथे एक खास भानगड आहे. 2012 पासून गूगल भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इनवर वळवत असे. त्यामुळे त्या वर्षांत लोकांनी एकमेकांच्या ब्लॉगांचे दुवे दिले ते 'डॉट इन'चे. पुढे गूगलने ही वळवणूक थांबवली, आणि 2020 मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नावच गूगलच्या हातून निसटलं. ते सगळे दुवे एका झटक्यात मेले. ब्लॉग मात्र जिवंत होते. म्हणून कुठल्याही जुन्या मराठी ब्लॉगचा 'डॉट इन' दुवा उघडला नाही तर तो गेला असं समजू नका. शेवटचं 'इन' काढून 'कॉम' घाला, बहुतेक वेळा पान हजर होतं. वेबॅक मशीनमध्येही दोन्ही पत्ते वेगवेगळे शोधा. तिच्या लेखी ती दोन वेगळी स्थळं आहेत, आणि एकाच्या नावावर नसलेली नोंद दुसऱ्याच्या नावावर सापडते.

ब्लॉग चालू असेल तर तुम्हीही तिथे भर घालू शकता. 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत पत्ता टाकला की त्या पानाची प्रत घेतली जाते. एका वेळी एकच पान, म्हणून मुखपृष्ठ, महिन्यांच्या सूचीची पानं आणि तुम्हाला प्रिय असलेल्या नोंदी एवढं तरी करा. पूर्वी गूगलच्या शोधनिकालात पानाची साठवलेली प्रत मिळायची, ती सोय 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता भिस्त इथेच. तरी केवळ याच भरवशावर राहू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस काहीच उघडत नव्हतं.

उतरवलेलं उघडून वाचा

हे कुणी करत नाही. फाइल आली, पेनड्राइव्हवर टाकली, संपलं. ती धड आहे का हे बघायचं तर सोपा मार्ग असा: ब्लॉगरवर नवा, फक्त स्वतःला दिसणारा ब्लॉग काढा आणि 'इम्पोर्ट कंटेंट'ने ती फाइल त्यात भरा. नोंदींची संख्या जुन्याशी जुळते का, पहिली आणि शेवटची नोंद आहे का, प्रतिक्रिया आपापल्या लेखाखाली आहेत का, एवढं तपासा.

मग काही नोंदी शब्द-शब्द वाचा. मजकूर एका प्रोग्रामातून दुसऱ्यात नेताना मराठीत एका ठरावीक ठिकाणी मोडतोड होते: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' या शब्दांतला ऱ्य. संगणकात तो दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेलं ऱ हे अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. जुन्या लेखनात हा दुसरा प्रकार भरपूर आढळतो. एखाद्या घिसाडघाईच्या साधनाने ते अदृश्य चिन्ह फालतू समजून पुसलं, की 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं आणि लेखभर रफार नाचू लागतात. तसं दिसलं तर ती प्रत बाद करा आणि मूळ फाइलवरून पुन्हा काम करा. पडद्यावर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण शोधताना ते जुळतीलच असं नाही. 'दुसऱ्या' शोधलं आणि काही मिळालं नाही, तर दुसऱ्या तऱ्हेने टाइप करून पाहा.

याच कारणासाठी नुसती पीडीएफ करून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. दिसायला छान, छापायला सोयीची, पण पीडीएफमधून देवनागरी कॉपी करून बघा: वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं दुसरीकडे. पीडीएफ भेट द्यायला करा. ठेवणीतली प्रत मात्र ब्लॉगरने दिलेली एक्सएमएल फाइल किंवा सेव्ह केलेली एचटीएमएल पानं.

प्रती किती? एक घरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन पण ब्लॉग ज्या खात्यावर आहे त्याहून वेगळ्या खात्यात, आणि एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. फाइलच्या नावात ब्लॉगाचं नाव आणि तारीख घाला. 'ब्लॉग फायनल नवीन' हे नाव दोन वर्षांनी तुम्हालाच काही सांगणार नाही.

ब्लॉग दुसऱ्याचा असेल तर

आई-वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने लिहिलेला ब्लॉग, आणि आता ते नाहीत, अशी विचारणा वारंवार होते. पासवर्ड कुणाकडेच नसतो. मृत व्यक्तीच्या खात्याबाबत अर्ज करण्याची सोय गूगलकडे आहे. कागदपत्रं मागतात, वेळ लागतो, पासवर्ड देत नाहीत, पण काही प्रकरणांत मजकूर देतात. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. ब्लॉग सार्वजनिक असेल तर वाचक म्हणूनही तो उतरवता येतो. एचटीट्रॅक हा फुकट प्रोग्राम पत्ता दिल्यावर अख्खं स्थळ पानापानाने संगणकावर घेतो. फक्त खोली, म्हणजे एका दुव्यातून दुसऱ्यात असं किती आत जायचं ते, मर्यादित ठेवा, नाहीतर तो दुवे धरत भलतीकडे भटकत जातो.

भारतात लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि वारसांकडे येतो. तेव्हा वडिलांच्या लेखांचं पुस्तक काढायला तुमच्या घरच्यांची संमती पुरे. प्रतिक्रिया मात्र ज्याच्या त्याच्या. साठवून ठेवायला हरकत नाही, छापायच्या असतील तर शोधून विचारा. बहुतेक जण खूश होतात, आणि कुणाकडे तरी त्या वेळचा एखादा ईमेल किंवा फोटो निघतो तो वेगळाच.

तुमच्या स्वतःच्या ब्लॉगबाबत घरच्यांवर ही धावपळ येऊ नये म्हणून गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा. खातं तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कुठला मजकूर द्यायचा हे तिथे ठरवता येतं, जास्तीत जास्त दहा जणांची नावं घालता येतात. मजकुराच्या यादीत ब्लॉगरवर खूण करा, आणि ज्याचं नाव घातलंय त्याला फोन करून तसं सांगूनही ठेवा, नाहीतर गूगलचा तो ईमेल फसवणुकीचा समजून तो पुसून टाकेल.