मेलमधली फाईल उघडायच्या आधी तिचं शेपूट पाहा

भाऊ, घरच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस बहुतेक वेळा आपणच आत घेतो, मेलमधली फाईल उघडून. आमच्या काकाले पीक विम्याची यादी म्हणून मेल आला, दिसायले पीडीएफ, पण नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई होतं, म्हंजे तो उघडला की चालणारा प्रोग्राम होता, अन् विंडोज ते शेपूट लपवूनच ठेवते. २००० सालचा आय लव्ह यू व्हायरस असाच पसरला, लोकायले ती साधी टेक्स्ट फाईल वाटली. म्हणून पयले हे करा, विंडोज ११ मधे फाईल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक मारा. शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, जेएस असं प्रोग्रामचं शेपूट दिसलं तं डिलीट, विचारच नका करू. ओळखीच्याचा मेल असला तरी फोन करून विचारा, त्याचंच खातं हॅक झालेलं राहू शकते.

व्हायरस पकडणारं डिफेंडर विंडोजसोबत फुकट येते, ते चालू ठेवा, अपडेट टाळू नका, नेट स्लो असन तं रात्री लावून द्या. सातबारा, पोरायचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह काढून ठेवा, लावलेला राहिला तं तोही जाते.

चुकून उघडलीच तं आधी वायफाय बंद, मग फुल स्कॅन, अन् पासवर्ड मोबाईलवरून बदला. पैसे गेले तं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनले फोन लावा.