व्यायामात शुगर कोसळते किंवा चढते? इन्सुलिन घेणाऱ्यांनी या चुका टाळा

चालायला निघताना मीटर 150 दाखवतो आणि अर्ध्या तासात 68. काल त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चालून शुगर 150 वरून जेमतेम 130 वर आली होती. मग दोष चालण्याला दिला जातो. प्रत्यक्षात काल आणि आज यांत फरक असतो तो अंगात त्या वेळी किती इन्सुलिन काम करत होतं याचा.

स्वादुपिंड धडधाकट असेल तर व्यायाम सुरू होताच शरीर स्वतःच इन्सुलिन कमी करतं, ग्लुकागॉन (यकृताला साखर सोडायला लावणारं संप्रेरक) वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. टोचलेल्या इन्सुलिनला ही सोय नाही. ते परत काढून घेता येत नाही. उलट रक्तप्रवाह वाढल्यामुळे त्वचेखालून ते थोडं लवकरच रक्तात उतरतं. काम करणारे स्नायू तर इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. त्यात हे इन्सुलिन भर घालतं आणि यकृताचा हातही बांधून ठेवतं.

पुढचे शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आणि प्रौढांसाठी आहेत. डोस किती कमी करायचा हे आपल्या डॉक्टरांशी बोलून एकदा ठरवून घ्या, मग रोज विचारत बसावं लागत नाही.

शेवटचा डोस कधी घेतला, हे न बघता निघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जेवणाआधी घेतलेलं जलद इन्सुलिन 10 ते 15 मिनिटांत काम सुरू करतं, पहिल्या एक-दोन तासांत जोरात असतं आणि 3 ते 5 तास टिकतं. जुनं साधं रेग्युलर इन्सुलिन सुरू व्हायलाच अर्धा तास घेतं आणि त्याचा जोर साधारण 2 ते 4 तासांच्या दरम्यान असतो.

समजा, सकाळी 8 वाजता नाश्त्याला 8 युनिट जलद इन्सुलिन घेतलं आणि 9 वाजता तासभर भरभर चालायला निघालात. चालण्याचा अख्खा तास इन्सुलिनच्या ऐन जोरात गेला. नाश्ता पचतोय म्हणून निघताना आकडा 170 दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. दीड-दोन तासांच्या आत मध्यम जोराचा, सलग चालण्या-धावण्याचा व्यायाम होणार असेल, तर त्या जेवणाचा डोस 30 मिनिटांसाठी साधारण 50 टक्के आणि 60 मिनिटांसाठी 75 टक्के कमी करतात. म्हणजे 8 ऐवजी अनुक्रमे 4 किंवा 2 युनिट. हलक्या चालण्याला हेच प्रमाण 25 आणि 50 टक्के. ऐकायला कपात फार वाटते, पण ही सुरुवातीची मापं आहेत, पुढे आपल्या नोंदी बघून ती बदलतात.

डोस आधीच पूर्ण घेऊन झाला आणि मग अचानक बाहेर पडायचं ठरलं, तर कपातीचा मार्ग बंद. तिथे साखरच खावी लागते: अंगात इन्सुलिन भरपूर असताना तासाला 30 ते 60 ग्रॅमपर्यंत. वजन कमी करायला व्यायाम आणि व्यायामासाठी गोड खाणं, हे चक्र नको असेल तर शेवटच्या डोसानंतर तीन-चार तासांनी किंवा सकाळी उपाशीपोटी, जलद इन्सुलिन घेण्याआधी व्यायाम करा. उपाशीपोटीच्या व्यायामात शुगर फारशी घसरत नाही, काहींची तर थोडी वाढते.

मिक्स इन्सुलिन (जलद आणि मध्यम मुदतीचं एकत्र केलेलं) दोन वेळा घेणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यातला मध्यम मुदतीचा भाग साधारण 4 ते 10 तासांच्या पट्ट्यात चढतो. सकाळी 8 चा डोस म्हणूनच संध्याकाळी 5 ला खेळताना नडतो, आणि दोष दुपारच्या कमी जेवणाला जातो. यातला एकच भाग कमी करता येत नाही, म्हणून इथे व्यायामाची वेळ बदलणं किंवा आधी खाणं जास्त सोपं.

निघतानाच्या आकड्याचा चुकीचा अर्थ

सलग चालणं, धावणं, सायकल यासाठी 126 ते 180 ही बरी सुरुवात. 90 च्या खाली असेल तर आधी 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि शुगर 90 च्या वर येईपर्यंत थांबा. 90 ते 125 असेल तर 10 ग्रॅम घेऊन निघा.

270 च्या वर असेल तर ‘चालून उतरवू’ म्हणू नका. आधी कारण शोधा. नुकतंच जेवण झालंय म्हणून वाढली असेल तर गोष्ट वेगळी. पण डोस चुकला, इन्सुलिन पंपाची नळी अडली किंवा ताप आहे, तर अंगात इन्सुलिनचाच तुटवडा आहे, आणि तशात व्यायाम केला की शुगर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं) दोन्ही वाढतात. रक्तातले कीटोन लिटरला 1.5 मिलिमोल किंवा त्याहून जास्त असतील तर व्यायाम नाही. 0.6 ते 1.4 असतील तर आधी इन्सुलिनचा प्रश्न सोडवा. टाइप 1 असून ग्लिफ्लोझिन गटातली (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) गोळी घेत असाल तर शुगर फार न वाढताही कीटोन चढू शकतात, म्हणून मळमळ किंवा विनाकारण दम लागला तर आकडा चांगला असला तरी कीटोन तपासा.

गेल्या 24 तासांत दुसऱ्याची मदत लागावी इतकी शुगर लो झाली असेल, तर आज सुट्टी. एकदा खोल घसरण झाली की पुढच्या वेळी शरीराची धोक्याची घंटा उशिरा आणि हळू वाजते.

मांडीत टोचून सायकल, आणि चिकट बोट

ज्या पायाने काम घ्यायचं त्याच्या मांडीत व्यायामाआधी इन्सुलिन टोचू नका. ते नेहमीपेक्षा लवकर रक्तात येतं, सुई स्नायूत गेली असेल तर आणखीच. पोटावर घ्या. जागा बदलायची म्हणून पोटावरच्या जुन्या गाठीत टोचलं तरी गणित बिघडतं, कारण तिथून इन्सुलिन कधी अडकतं तर कधी एकदम येतं.

चिकट बोटाचा घोळ फार ऐकायला मिळतो. लो वाटलं म्हणून ग्लुकोज पावडर खाल्ली, त्याच बोटाला टोचलं आणि मीटरवर 240! बोटावर राहिलेली कणभर साखरसुद्धा स्ट्रिपवरच्या त्या बारीक थेंबाला पुरते. 240 बघून कुणी करेक्शन (वाढलेली शुगर उतरवायला जादा इन्सुलिन) घेतलं तर प्रसंग गंभीर होतो. हात धुवून कोरडे करा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा तपासा.

सेन्सरवर डोळे झाकून विश्वास

त्वचेवर लावलेला सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या आजूबाजूच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर भरभर पडत असताना तो रक्ताच्या मागे राहतो. सेन्सरवर 100 आणि बाण खाली, म्हणजे रक्तात त्याहून कमी असण्याची शक्यता धरा आणि तेव्हाच ग्लुकोज घ्या, अलार्मची वाट बघू नका. चढतानाही हाच उशीर असतो: ग्लुकोज खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनीही सेन्सर लोच दाखवतो, माणूस पुन्हा खातो, आणि तासाभराने 280. अशा वेळी बोटाला टोचून खात्री करा.

लो झाल्यावर चुकीचं खाणं

70 च्या खाली गेलं की थांबा, 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी तपासा. 4 ग्रॅमच्या चार गोळ्या, सुमारे 150 मिलिलिटर फळांचा रस किंवा तीन सपाट चमचे साखर पाण्यात. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर साधी साखरही लवकर पचत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. 54 च्या खाली गेलेलं असेल तर शुगर वर आली तरी त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपवा.

पंप व्यायाम सुरू करतानाच बंद करणं

आधी आत गेलेलं इन्सुलिन तासभर तरी चालूच असतं. बेसल (पंपातून सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) 50 ते 80 टक्के कमी करायचा तर 60 ते 90 मिनिटं आधी. पंप काढून ठेवणार असाल तर दोन तासांपेक्षा जास्त नको. आपोआप डोस ठरवणाऱ्या पंपात आणखी एक गंमत होते: निघण्याच्या बऱ्याच आधी खाल्लं की पंपाला शुगर चढताना दिसते आणि तो नेमकं नको तेव्हा इन्सुलिन वाढवतो. व्यायामाचं उंच टार्गेट (पंपाने राखायची शुगर नेहमीपेक्षा वर) एक-दोन तास आधी लावा, खायचं ते निघण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी.

वाढलेल्या शुगरवर पूर्ण करेक्शन

जड वजनं, छोट्या जोरकस धावा, चुरशीचा सामना यांत अॅड्रेनालिन वाढतं, यकृत साखर ओततं आणि शुगर 160 ची 230 होते. हे बहुधा तास-दोन तासांत आपोआप उतरतं. करेक्शन घ्यायचंच तर नेहमीच्या निम्मं, आणि झोपायच्या तोंडावर टाळलेलं बरं. हाच गुण कामालाही येतो: वजनं आधी आणि चालणं-धावणं नंतर केलं तर शुगर कमी घसरते.

रात्र विसरणं

रिकामे झालेले स्नायू पुढे कितीतरी तास साखर भरत राहतात. म्हणून संध्याकाळी खेळल्यावर पहाटे 2 किंवा 3 वाजता घामाने चादर ओली होते. धोका 24 तास आणि कधी त्याहून जास्त राहतो. व्यायामानंतरच्या जेवणाचा डोस निम्म्यापर्यंत कमी करणं, रात्रीचं दीर्घ मुदतीचं इन्सुलिन साधारण 20 टक्के कमी करणं (20 युनिट असेल तर 16), आणि झोपताना वजनाच्या दर किलोला 0.4 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे 60 किलोला 24 ग्रॅम, हे तीन उपाय वापरले जातात. मात्र डेग्लुडेक हे फार दीर्घ मुदतीचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी एका रात्रीची कपात करून उपयोग नाही. ते 42 तासांहून जास्त काम करतं, त्यामुळे आजच्या कपातीचा परिणाम आज रात्री फारसा दिसत नाही. त्यांनी जेवणाचा डोस आणि खाणं यांवरच भर द्यावा. आणि अशा संध्याकाळी दारू नकोच, ती यकृताला साखर बनवू देत नाही.

बरोबरच्या माणसालाही दोन गोष्टी सांगून ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉनचं औषध जवळ असेल तर द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. दुसरी: ग्लुकागॉन यकृतातला साठा बाहेर काढून काम करतं. लांब पल्ल्याच्या व्यायामानंतर तो साठाच संपत आलेला असेल तर औषध नेहमीइतकं चालत नाही, म्हणून ते दिलं तरी रुग्णवाहिकेला फोन करायचाच. माणूस शुद्धीवर येऊन गिळू शकला की लगेच साखर द्यायची.