चारकोलने (चित्रं काढायच्या कोळशाने) कापडाच्या चुण्यांचं चित्र काढताना
सुरुवातीला सिल्क किंवा साडी घेऊन बसू नका, वेडं व्हायला होतं. जुनी पांढरी सुती चादर घ्या, भिंतीवरच्या एका खिळ्याला अडकवा आणि एका बाजूने टेबल लॅम्प लावा, खोलीतली बाकीची लाइट बंद, नाहीतर सावल्या एकमेकांत मिसळतात आणि मग काय काढायचं तेच कळत नाही. सगळ्या चुण्या त्या खिळ्यापासूनच ताणल्या जातात, म्हणून आधी तो पॉइंट पकडा आणि तिथून निघणाऱ्या तीन-चार मोठ्या चुण्याच काढा, बारीक सुरकुत्या गेल्या उडत.

मी आधी प्रत्येक चुणीला आउटलाइन काढायचो, कापड कसलं, झाडाची मुळं वाटायची! आता विलो चारकोल (मऊ, सहज पुसला जाणारा कोळसा) आडवा धरून अख्खा कागद करडा करतो, फडक्याने पुसतो आणि उजेड पुट्टी रबरने (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) उचलतो. चुणी जिथे गोल वळते तिथे शेड हळूहळू बदलते, जिथे ती दुसऱ्या कापडावर सावली टाकते तिथे कड धारदार. कंप्रेस्ड चारकोल (दाबून बनवलेला, जास्त काळा कोळसा) सगळ्यात शेवटी, फक्त खोल खाचांत, कारण तो नीट खोडला जात नाही. आणि हो, बोटाने घासू नका, तेलकट डाग पडतात.