आरशाला लोंबणारी माळ आणि त्वरणाचे घोळ: या चुका टाळा

गाडीच्या आरशाला छोटी माळ लोंबत असेल, तर एकदा तिच्याकडे नीट बघा. शेजारी बसला असाल तेव्हा, चालवताना नको. सिग्नल सुटून गाडी उचलली की माळ मागे झुकते. सपाट, सरळ रस्त्यावर काटा १००वर स्थिरावला की सरळ लोंबते. ब्रेक लागला की काचेकडे जाते. नववीच्या पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा पहिला धडा या माळेला पाठ आहे. घोळ आपला होतो.

“गाडी १००ने चाललीय, म्हणजे त्वरण जास्त” असं उत्तर मला दर वर्षी पेपरात सापडतं. वेग किती आहे याला त्वरण म्हणत नाहीत; तो किती भराभर बदलतोय, ते त्वरण. स्थिर १००ला ते शून्य. मग मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: सर, मग पेट्रोल कशाला जळतं? तर हवा आणि टायरचं घर्षण गाडीला मागे ओढतात, तेवढंच बल पुढे लावावं लागतं. दोन्हींची फिटंफाट होऊन हातात शून्य उरतं. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ या सूत्रात घालायचं ते हे उरलेलं बल, एकट्या इंजिनाचं नव्हे. मुलं नेमकं इंजिनाचं घालतात आणि उत्तर चुकलं की सूत्रावर संशय घेतात.

दुसरी चूक एककांची. गाडी १० सेकंदांत ० वरून १०० किमी प्रतितास गाठते, त्वरण काढा. १०० भागिले १०, उत्तर १० मीटर प्रतिसेकंद वर्ग, वही बंद. अरे, पण १० म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढं, हातातून सुटलेल्या दगडाच्या त्वरणाएवढं झालं! माळ चक्क ४५ अंशांत मागे गेली असती. घरच्या गाडीत कधी बघितलंय असं? आधी ३.६ने भागा: १०० किमी प्रतितास म्हणजे २७.८ मीटर प्रतिसेकंद, आणि त्वरण साधारण २.८. माळ झुकेल १६ अंश. गाडी १००० किलोची असेल तर उरलेलं बल २८०० न्यूटन.

गिअरची चूक मी स्वतः केलीय. खंबाटकीच्या चढावर पाचवा गिअर, पाय तळाला टेकलेला, आणि गाडी हळूहळू मरतेय. इंजिन गेलं असं धरून गॅरेज गाठलं. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सर, गाडीला काही झालेलं नाही. घाटात गिअर खाली घेत जा.” भौतिकशास्त्राच्या मास्तरला हे ऐकावं लागलं! घरी येऊन साधारण आकडे घेऊन हिशोब मांडला. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन-मीटर. पाचव्या गिअरमध्ये चाकाशी तो जेमतेम तिप्पट होतो, ३३०. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे रस्त्यावर ११०० न्यूटन. माणसांसकट १२०० किलोची गाडी दर १० मीटरला १ मीटर चढत असेल, तर नुसतं गुरुत्वबलच तिला सुमारे ११८० न्यूटनने मागे खेचतं. हवेचा विरोध वेगळाच. मग वेग उतरणारच. तिसऱ्या गिअरमध्ये तेच इंजिन १९०० न्यूटन देतं. तरी हा पूर्ण टॉर्कचा हिशोब; आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, पडले की टॉर्कही पडतो. म्हणून इंजिन घरघरायच्या आधी गिअर खाली घ्या, नंतर नव्हे.

वळणावर बरेच जण म्हणतात, “वेग बदलला नाही, मग त्वरण कुठून आलं?” काट्यावरचा आकडा तोच असला तरी दिशा बदलतेय, आणि दिशा बदलली की वेग बदलला. माळ वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते ती त्यामुळेच. ५० मीटर त्रिज्येचं वळण ६०ने घेतलं तर त्वरण ५.६. ओल्या रस्त्यावर टायर साधारण ५च्या आसपासच देऊ शकतात, आणि गाडी सरळ कठड्याकडे निघते. “आमची गाडी जड आहे, रस्ता धरून ठेवते” हे इथे कामाचं नाही. वजनाने पकड वाढते, पण गाडी वळवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नको.

चिखलात रुतल्यावर एक्सिलरेटर पिळणं हीसुद्धा तीच जात. गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता. चाक त्याला मागे रेटतं म्हणून. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पकड आणखी कमी होते. दुसरा गिअर, क्लच अलगद, चाकाखाली फांद्या किंवा पोतं.

माळेचा प्रयोग सपाट रस्त्यावरच करा. चढावर स्थिर वेगातही ती मागे झुकलेली दिसते, आणि मुलं लगेच त्वरण लिहून मोकळी होतात. तिथे माळ ओळंब्यासारखी सरळच असते, तिरकी असते ती गाडी.