टुमॉरोलँडचा एक दिवस: या चुका टाळा

बेल्जियममधल्या अँटवर्पच्या दक्षिणेला सुमारे पंधरा किलोमीटरवर बोम नावाचं छोटं गाव आहे. एकेकाळी इथल्या मातीच्या विटा होत. माती काढून काढून जो खोलगट भाग उरला, त्याचं पुढे दे स्खोरे हे उद्यान झालं आणि 2005 च्या ऑगस्टमध्ये तिथे टुमॉरोलँड हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव पहिल्यांदा भरला. आता जुलैच्या दोन वीकेंडांत मिळून सुमारे 4 लाख माणसं येतात. आइंडहोव्हन, म्युनिक, लंडनला नोकरी करणाऱ्या आणि थेट पुण्या-मुंबईहून निघालेल्या मराठी मुलामुलींचे घोळकेही त्यात असतात.

या मंडळींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. कोणता डीजे कधी वाजवणार हे त्यांना तोंडपाठ असतं, पण बारा तास उघड्यावर कसे काढायचे याचा विचार झालेला नसतो. दुपारी बाराच्या सुमाराला सुरू झालेला दिवस मध्यरात्रीपर्यंत चालतो. ज्या सेटसाठी, म्हणजे एका डीजेच्या सलग वादनासाठी, एवढे पैसे खर्च केले तो बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतो आणि नेमकं तेव्हाच अंगात त्राण नसतं. दुपारी केलेल्या चुका रात्री भोवतात. म्हणून इथे मी संगीतापेक्षा बाकीच्याच गोष्टींवर जास्त लिहिणार आहे.

घरी बसून होणाऱ्या चुका

तिकीटविक्रीच्या वेळा बेल्जियमच्या घड्याळाप्रमाणे जाहीर होतात. हिवाळ्यात भारत त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. विक्री हिवाळ्यात असेल तर साडेचारच धरा. तिकीट नावावर असतं, त्यामुळे ‘मित्राच्या मित्राकडे एक जास्तीचं आहे’ या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. तिकीट बदलायचं असेल तर आयोजकांच्या अधिकृत देवाणघेवाण सेवेतूनच. बाहेरून घेतलेलं तिकीट दारात चाललं नाही तर तिथे दाद मागायला जागा नसते.

व्हिसात होणारी चूक याहून महागात पडते. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून अनेक जण भलत्याच देशाकडे अर्ज करतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा, की जिथे मुक्काम सर्वात जास्त किंवा प्रवासाचा मुख्य हेतू, त्या देशाकडे अर्ज करायचा. टुमॉरोलँडचे तीन दिवस आणि पॅरिसचे सात दिवस असतील तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात. जुलैसाठी एप्रिलअखेर जागे झालात तर अपॉइंटमेंटच मिळणं कठीण. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. तो कागदापुरता न ठेवता त्यातला मदतीचा नंबर फोनमध्ये आणि एका चिठ्ठीवरही लिहून ठेवा.

आयोजकांकडून आलेलं ब्रेसलेट हेच तिकीट आणि तेच पाकीट. ते आधी ऑनलाइन ॲक्टिव्हेट करावं लागतं आणि आतली सगळी खरेदी त्याच्याशी जोडलेल्या पैशांतून होते. फोटोसाठी म्हणून चार दिवस आधीच ते मनगटावर चढवायचा मोह होतो. कापडी पट्टीचं कुलूप एकाच बाजूला सरकतं, घट्ट झालं की सैल होत नाही. त्यामुळे ते निघण्याच्या दिवशीच घाला आणि घालताना पट्टी व मनगट यांच्यात एक बोट मावेल एवढी जागा ठेवा. उन्हात हात थोडे सुजतात. अति घट्ट पट्टी दुपारपर्यंत काचायला लागते आणि अति सैल पट्टी ओढून निघाली तर दारातून परत फिरावं लागतं.

‘सगळंच बघू’

दहाहून जास्त स्टेज आणि दोन वीकेंड मिळून चारशेच्या वर कलाकार. वेळापत्रकावर खुणा करायला बसलं की दर अर्ध्या तासाला एक नाव आवडीचं निघतं. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर गर्दीत वीस मिनिटांचं होतं, त्यात चढउतार आणि पुलावरची रांग. असं धावणाऱ्यांना प्रत्येक सेटची सुरुवात नाहीतर शेवट तेवढा मिळतो. डीजेचा चांगला सेट तासाभरात हळूहळू चढत जातो. मधली वीस मिनिटं ऐकून त्यातलं काही हाती लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दिवसाला तीन सेट पक्के करा, ते पूर्ण ऐका आणि मधला वेळ मोकळा सोडा. त्या मोकळ्या वेळात झाडांमधल्या कोअर स्टेजला जा किंवा आर्ने क्विन्झेने केलेल्या लाकडी पुलावर थांबून फळ्यांवर कोरलेले संदेश वाचा. मुख्य स्टेजसमोर पहिल्या रांगेत जाण्याचा अट्टाहास नको. तिथून स्टेज पूर्ण दिसत नाही, पाण्याला बाहेर पडता येत नाही आणि आवाजही विस्कटलेला येतो. उतारावर थोडं मागे, साउंडच्या तंबूच्या आसपास उभं राहिलं तर आवाज सर्वात नितळ मिळतो, कारण मिक्सिंग तिथूनच होतं.

गर्दीत छाती दाबली जातेय असं वाटलं तर दोन्ही हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहते. प्रवाहाच्या उलट ढकलू नका. लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, फोन असला तरी.

ऊन आणि पाणी

‘आपण नागपूरचे, बेल्जियमचं ऊन आपल्याला काय करणार’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. जुलैत तिथलं दुपारचं तापमान सहसा 23-24 अंशांच्या आसपास असतं हे खरं. पण नागपुरात भर दुपारी आपण सावली सोडत नाही आणि इथे दुपारी एक ते सात उघड्यावर नाचायचं असतं. जुलैत तिथे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. 2019 च्या जुलैत तर बेल्जियममध्ये पारा चाळिशीच्या घरात गेला होता. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हाही गैरसमजच. 30 किंवा 50 एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू हमखास सुटते.

नाचताना घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जातं. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आत शिरलात की आधी पाणी भरायच्या जागा बघा, स्टेज नंतर. बाटली कोणती चालते हे त्या वर्षीच्या नियमांत तपासून घ्या.

पण नुसतं पाणीच पाणी पिणं हीसुद्धा चूक आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. घामातून मीठ जातं. त्यावर लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो. बरोबरच्यांना वाटतं उन्हाने झालं आणि ते आणखी पाणी पाजतात. म्हणून मधेमधे खारं काहीतरी खा, दिवसातून एकदोनदा ओआरएस घ्या. भारतातून पाकिटं नेणार असाल तर छापील, बंद पाकिटंच न्या. डबीत सुटी भरलेली पांढरी पूड तपासणीत दाखवायची वेळ येऊ देऊ नका. बिअर पाण्याच्या हिशेबात धरायची नाही.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, थंड ओलसर कातडी अशी लक्षणं दिसली तर माणसाला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, मानेला आणि काखेत ओला रुमाल लावा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडायला हवा. पण तो असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. मग वाट बघायची नाही. जवळच्या प्रथमोपचार केंद्राला किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, मदत येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा आणि तोंडातून काही देऊ नका. युरोपभर तातडीचा नंबर 112 आहे.

‘कुणीतरी दिलेली गोळी’

बेल्जियममध्ये अमली पदार्थ गुन्हा आहे, दारावर तपासणी कडक असते आणि व्हिसावर आलेल्या माणसाला हे प्रकरण आयुष्यभर नडू शकतं. पण त्याहून मोठं कारण शरीराचं. एमडीएमए (एक्स्टसीच्या गोळीतला अमली पदार्थ) शरीराचं तापमान चढवतं आणि पाणी अंगातच धरून ठेवतं. वर सांगितलेले उष्णतेचे आणि सोडियमचे दोन्ही धोके एकाच वेळी ओढवतात. गोळीत नक्की काय आणि किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

तरीही बरोबरच्या कुणी घेतलीच आणि त्याला त्रास व्हायला लागला, तर पोलिसांच्या भीतीने त्याला तंबूत झोपवून ठेवू नका. ही चूक जिवावर बेतते. वैद्यकीय केंद्रात न्या, काय घेतलं आणि केव्हा घेतलं ते खरं सांगा. उपचार करणारे गोपनीयतेला कायद्याने बांधलेले असतात.

कान

कान हे या सगळ्यातलं सर्वात दुर्लक्षित प्रकरण. बोम ज्या भागात येतं त्या फ्लँडर्समध्ये 2013 पासून कायदा आहे. तासाभराची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि 95 च्या वर आवाज असेल तर आयोजकांनी इअरप्लग फुकट द्यायचे. मर्यादा पाळली जाते म्हणून कान सुरक्षित आहेत असं मात्र नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या निऑश संस्थेचा ठोकताळा असा: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब केला तर 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. तुम्ही तिथे दहा तास असता.

फोमचे प्लग बहुतेक जण नुसते कानाच्या तोंडाशी खुपसतात, ते सैल बसतात, मग ‘काही फरक पडत नाही’ म्हणून काढून टाकतात. बरोबर पद्धत अशी. प्लग बोटांत फिरवून बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. सुरळी आत सारा आणि बोटाने तीसेक सेकंद धरून ठेवा, म्हणजे ती आत फुगून बसते. बसली की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. संगीताचा पोत जपायचा असेल तर फिल्टर असलेले प्लग घ्या. त्यांत उंच सूर फोमसारखे मरत नाहीत, फक्त सगळंच थोडं खाली येतं. मी तर म्हणेन, नव्या बुटांऐवजी त्यावर खर्च करा.

आणि बूट नवे नकोतच. विटांची ती चिकणमाती पावसात घसरते. रुळलेले, बोटं झाकणारे, पाऊल ओळखणारे जुने बूटच बरे.

जेवण, गारवा, झेंडा

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. भुकेची वाट न बघता संध्याकाळी पाच-साडेपाचला जेवून घ्या. आठनंतर रांगा लांबतात आणि तुमचा सेट नेमका त्याच वेळी असतो.

गोव्यात भरायचा तो सनबर्न महोत्सव बघितलेल्यांना वाटतं की तिथे डिसेंबरच्या रात्री टीशर्ट पुरायचा तर इथे जुलैत काय लागणार. इथे रात्री पारा 13-14 अंशांवर येतो आणि घामाने भिजलेल्या अंगाला तो चांगलाच झोंबतो. पातळ जॅकेट आणि घडी होणारा रेनकोट कमरेला बांधून न्या. वादळाचा इशारा आला आणि जागा सोडायला सांगितली तर लगेच सोडा. 18 ऑगस्ट 2011 ला याच देशात, हासेल्टजवळच्या पुकेलपॉप महोत्सवात वादळाने तंबू कोसळून पाच जण गेले.

तिरंगा घेऊन जाणारे खूप दिसतात आणि पाहून आनंद होतो. पण तो कमरेखाली गुंडाळू नका, गवतावर अंथरून त्यावर बसू नका. खांद्यावर उंच धरा, छान दिसतो.

फोन आणि परतीची वाट

साठ-सत्तर हजार माणसं एका जागी आली की नेटवर्क रडतं. ‘कुठे आहेस’ हा मेसेज चाळीस मिनिटांनी पोचतो. सकाळीच एक जागा आणि दोन वेळा ठरवा, जसं की अमुक पुलाच्या उजव्या टोकाला, सहाला आणि रात्री दहाला. ‘मुख्य स्टेजजवळ’ ही जागा नव्हे. राहण्याचा पत्ता आणि एका माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, पॉवर बँक न्या.

परतीचं मात्र जाण्याआधीच ठरवा. ॲमस्टरडॅमला हॉटेल घेऊन ‘रात्री ट्रेनने येऊ’ असा बेत करणारे भेटतात. मध्यरात्रीनंतर बेल्जियममधल्या गाड्या जवळजवळ बंदच असतात, थेट पहाटे सुरू होतात. ड्रीमव्हिल या महोत्सवाच्याच छावणीतल्या तंबूत राहा, नाहीतर अँटवर्प, मेखेलेन किंवा ब्रसेल्सला, आणि शटल बस आधी आरक्षित करा. 2015 मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या टुमॉरोवर्ल्डला, म्हणजे टुमॉरोलँडच्याच अमेरिकी आवृत्तीला, पावसाच्या चिखलामुळे बससेवा कोलमडली आणि हजारो जणांना रात्र रस्त्याकडेला काढावी लागली. म्हणून पाठीवरच्या पिशवीत एक पाण्याची बाटली, थोडे शेंगदाणे आणि कोरडे मोजे शेवटपर्यंत शिल्लक असू द्या. शेवटचं गाणं संपल्यावर सगळे एकदम दाराकडे निघतात. तेव्हा वीस मिनिटं आतच बसून पाणी प्या, पाय मोकळे करा, मग निघा.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका. कानात शीळ वाजत असेल तर दिवसभर हेडफोन लावायचे नाहीत. एकदोन दिवसांत ती थांबली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर घरी पोचण्याची वाट न बघता तिथल्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याचा संभव जास्त असतो आणि तुमच्या प्रवासविम्यात हा खर्च बसतो का, हे त्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करून विचारता येतं.